कृत्रिम बोटाला पकड शिकवताना

सुगीचे दिवस आले की आपल्या भागात बोट गेल्याच्या बातम्याही येतात. कुट्टी यंत्रात कडब्याची पेंढी सरकवताना, घाण्यात उसाचे कांडे घालताना, मळणी यंत्राच्या तोंडाशी ओंब्या ढकलताना हात वीतभर पुढे जातो आणि एक-दोन बोटे जागच्या जागी संपतात. जखम भरते, टाके निघतात, शेजारीपाजारी येऊन जीव वाचल्याबद्दल देवाचे आभार मानून जातात. पुढचा प्रश्न मात्र त्या माणसाचा एकट्याचा असतो. विळा कसा धरायचा? म्हशीची धार कशी काढायची? सदऱ्याचे बटण, कुलपाची किल्ली, जपमाळेचा मणी हे आता कशाने धरायचे?

हल्ली कृत्रिम बोट मिळते, हे पुष्कळांच्या कानावर आले आहे. काहींनी ते बसवूनही घेतले आहे. बोट बसले म्हणजे काम झाले, अशी घरच्यांची समजूत असते. पण दोन-तीन महिन्यांनी चौकशी करावी तर ते बोट रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेले आढळते. "धरताच येत नाही त्याने काही," हे उत्तर ठरलेले. ते उत्तर खोटे नसते. बोट कारागीर करून देतो, पण पकड ज्याची त्याने शिकायची असते, आणि ती कशी शिकायची हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. म्हणून या खेपेस शेती व आरोग्याच्या या पानावर तोच विषय घेतला आहे.

आधी हाताची रचना थोडी समजून घेऊ. बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच. ते मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात असतात आणि कंडरांच्या, म्हणजे चिवट दोऱ्यांच्या, साहाय्याने बोट ओढतात. एका हाताची मूठ आवळून दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपावा, म्हणजे हे कळते. या दोऱ्यांपैकी एक बळकट दोरी बोटाच्या मधल्या पेराच्या बुडाशी येऊन चिकटते. ते बूड शाबूत राहिले असेल तर उरलेला खुंट जोराने वाकतो आणि त्यावर बसवलेल्या बोटाला पुष्कळ काम करता येते. बोट मुळापासूनच गेले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शेजाऱ्याला कृत्रिम बोटाने काम जमले म्हणून आपल्यालाही तसेच जमेल असे धरून चालू नये. कोणाचे बोट कुठून गेले आहे, यावर सगळे अवलंबून असते.

जॉन नेपियर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एक जोराची पकड. कुदळीचा दांडा आपण मुठीत आवळतो, ती. दुसरी नेमकी पकड. चिमटीत सुई किंवा बियाणे धरतो, ती. नेमक्या पकडीत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचे काम असते. जोराच्या पकडीत अनामिका आणि करंगळी यांचा वाटा फार मोठा, आणि हे शहरातल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या तक्त्यात पुढे अंगठ्याला शेकडा ३०, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२ आणि अनामिका किंवा करंगळी यांना प्रत्येकी ७ असे आकडे दिलेले होते. कागदावर काम करणाराला ते पटतील. दिवसभर कोयता चालवणाराला विचारा, करंगळी गेली की दांडा मुठीतून कसा फिरतो आणि निसटतो ते!

आता कृत्रिम बोटाचे प्रकार. सर्वांत जास्त आढळते ते सिलिकोनचे बोट. ते कातडीच्या रंगाचे असते, त्याला नखही असते, आणि आतली वाटी खुंटापेक्षा किंचित लहान केलेली असल्यामुळे हवा निघून जाऊन ते घट्ट बसते. खुंट साधारण दीड सेंटिमीटर तरी उरलेला असावा लागतो. हे बोट आपण होऊन वाकत नाही. ते थोडे वाकलेल्या अवस्थेतच केलेले असते आणि अंगठ्याला टेकायला समोर आधार देते. दुसरा प्रकार यांत्रिक बोटाचा. उरलेला सांधा वाकवला की त्याच्या जोरावर पुढची पेरे सांगाड्यासारखी वाकतात. दिसायला ते बोटासारखे नसते, पण कामाला खंबीर असते. विजेवर चालणारी बोटेही आहेत. त्यांची किंमत आणि चिखलपाण्याशी असलेले त्यांचे वाकडे पाहता शेतकऱ्याने त्यांच्या मागे लागू नये, असे आमचे मत आहे.

यांत्रिक बोटाच्या संदर्भात दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या रिचर्ड व्हॅन ॲस या सुताराची हकीगत सांगण्यासारखी आहे. २०११ साली करवतीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची बोटे गेली. बाजारातल्या कृत्रिम बोटांच्या किमती त्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. मग आपले बोट आपणच करायचे असे त्याने ठरवले. अमेरिकेत आयव्हन ओवेन नावाचे एक गृहस्थ नाटकी वेषासाठी दोऱ्यांनी चालणारा मोठा हात करीत असत. त्यांच्याशी त्याने संधान बांधले, आणि हजारो मैलांच्या अंतरावरून एकमेकांना नमुने दाखवीत दोघांनी बोट तयार केले. पुढे त्याच धर्तीवर त्यांनी, जन्मतःच बोटे नसलेल्या एका लहान मुलासाठी हात केला आणि २०१३ साली त्याचा आराखडा कोणालाही फुकट वापरता येईल असा जाहीर केला. बोट गमावलेला माणूस हत्यारे हाताळणारा होता, म्हणून त्याला बोटाकडून नेमके काय हवे हे कळत होते. आपल्याकडचा शेतकरीही तसाच आहे. बोट करवून घ्यायला जाताना त्याने नुसता हात पुढे करून गप्प बसू नये. आपण कोणकोणत्या वस्तू धरतो, ते तंत्रज्ञाला सांगावे. जमल्यास विळा-खुरपे पिशवीत घालून न्यावे आणि दाखवावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, भले ती कोणाला आवडो न आवडो. तर्जनी गेली असेल आणि मधले बोट धडधाकट असेल, तर थोड्याच दिवसांत हात आपण होऊन मधल्या बोटाने चिमूट धरू लागतो. अशा माणसाला कामापुरते कृत्रिम बोट लागतच नाही. उलट ते आडवे येते. चारचौघांत वावरताना घालण्यासाठी ते हवे असेल तर जरूर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण ते घेतल्याने काम वाढेल या आशेने कर्ज मात्र काढू नये.

आता मुख्य अडचणीकडे येतो. कृत्रिम बोटाला स्पर्श कळत नाही. १९८४ साली स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातील योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी दाखवून दिले की आपण एखादी वस्तू उचलतो तेव्हा ती निसटणार नाही इतकाच, त्याहून थोडासा जास्त, जोर बोटे लावतात. वस्तू किंचित सरकली तर डोळ्याचे पाते लवायच्या आत बोटे तिला आवळतात. हे सारे बोटाच्या कातडीतील संवेदनेमुळे होते. बोटे बधिर केली की माणूस एकतर वस्तू सोडतो नाहीतर भलताच जोर लावतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांना हे फार पूर्वी एका प्रसंगातून उमगले होते. एका खोलीचे गंजलेले कुलूप त्यांना स्वतःला उघडेना. दहा वर्षांचा एक कुष्ठरोगी मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली सहज फिरवली. डॉक्टरांना आश्चर्य वाटले, तोच त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ता नव्हता. त्याच्या अंगात राक्षसी शक्ती नव्हती. "आता पुरे" असे सांगणारी वेदना तेवढी नव्हती. म्हणून डॉ. ब्रँड आपल्या रोग्यांना हातांवर डोळ्यांनी पहारा ठेवायला शिकवीत. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात डोळा आणि हात यांना एकमेकांची गरज कशी असते ते सांगितले आहे. कृत्रिम बोट वापरणाऱ्याला त्याचा अगदी शब्दशः प्रत्यय येतो.

सरावाच्या आधी खुंटाची तयारी हवी. जखम पूर्ण भरून सूज उतरायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. तोवर डॉक्टर सांगतील तशी लवचीक पट्टी टोकाकडून मुळाकडे गुंडाळावी. खुंटाला नुसता वारा लागला तरी झिणझिण्या येतात, अशी पुष्कळांची तक्रार असते. त्यावर उपाय घरातच आहे. प्रथम कापसाने, मग जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने, मग टॉवेलने, शेवटी गोणपाटाने खुंट हलके चोळावा. तांदळाच्या, मग मुगाच्या, मग कोरड्या वाळूच्या भांड्यात तो फिरवावा. एका वेळी चार-पाच मिनिटे आणि दिवसातून तीन-चार वेळा पुरे. गेलेले बोट अजून आहे आणि खाजते आहे, असे वाटले तर घाबरू नये. तो भ्रमिष्टपणा नव्हे. तुटलेल्या नसा आणि मेंदू यांचा तो खेळ असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो हळूहळू कमी होतो.

बोट आल्यावर पहिल्या दिवशी ते अर्धा-पाऊण तासच घालावे. काढल्यावर खुंट पाहावा. लाली वीसेक मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर वाटी टोचते आहे असे समजून तंत्रज्ञाकडे परत जावे. मधुमेह असलेल्यांनी हे रोज पाहावे, कारण त्यांना टोचलेले लवकर कळत नाही.

सरावाला बसताना समोर मोठी परात घ्यावी आणि तीत टॉवेल अंथरावा, म्हणजे पडलेली वस्तू घरभर लोळत जात नाही. कोपर टेकलेले असावे. सुरुवात मऊ आणि हलक्या वस्तूंपासून करावी. फडक्याची गुंडाळी, मग कांदा, मग लिंबू. वस्तूकडे नीट पाहावे, कृत्रिम बोट तिच्या एका बाजूला अलगद टेकवून स्थिर ठेवावे आणि समोरून अंगठा आणावा. सगळी मेख इथे आहे. नवशिका दोन्ही बाजूंनी एकदम दाबतो आणि वस्तू उडून जाते. कृत्रिम बोट ऐरणीसारखे स्थिर राहू द्यावे, हलायचे काम अंगठ्याने करावे. अंगठ्याला स्पर्श आहे, वस्तू सरकते की नाही हे तोच सांगेल. बोटाच्या वाटीत खुंटावर पडणारा दाबही काही दिवसांनी ओळखू येऊ लागतो.

जोर किती लावायचा हे शिकायला रिकामी काड्यापेटी उत्तम. ती उचलावी, वीतभर वर न्यावी, फिरवावी, खाली ठेवावी. चेंगरता कामा नये आणि पडताही कामा नये. आठवडाभर रोज तीन वेळा दहा-दहा मिनिटे हेच करावे. कंटाळा येईल, पण काड्यापेटी साधली की बाकीचे लवकर येते. त्यानंतर स्टीलचा पेला. आधी रिकामा, मग अर्धा पाण्याचा, मग भरलेला. ओला पेला निसरडा असतो, म्हणून प्रथम हात आणि पेला दोन्ही पुसून घ्यावेत. चहाच्या कपाला घाई करू नये. कानात कृत्रिम बोट, वरून अंगठा आणि खालून मधल्या बोटाचा टेकू, अशी पकड थंड पाण्यावर पक्की झाल्याशिवाय गरम चहा त्या हातात घेऊ नये. आणि सोडणे हाही धरण्याचाच भाग आहे. वस्तू ठेवताना ती खाली टेकल्याचा आवाज ऐकावा, मग अंगठा उचलावा.

नाणे सपाट टेबलावरून उचलायची धडपड व्यर्थ आहे. ते काठापर्यंत सरकवत आणावे आणि खालून अंगठा लावून घ्यावे. किल्लीला लाकडाची छोटी पट्टी बांधावी, म्हणजे तिला धरायला जागा होते. पेनाला चिंधी गुंडाळून ते जाड करावे. बटणे थोडी मोठी लावून घ्यावीत आणि काजे किंचित सैल करावेत. घरात शिवणकाम जाणणारे कोणीतरी असतेच.

आणि जपमाळ. तिच्या पाच दशकांत नमो मरियेचे पन्नास मणी अंगठा आणि बोट यांच्यामधून एकेक करून सरकतात. जोर जास्त झाला तर मणी अडतो, कमी झाला तर दोन एकदम सुटतात. सरावासाठी याहून चांगले साधन आम्हांला तरी माहीत नाही. सुरुवातीला मोठ्या लाकडी मण्यांची माळ घ्यावी. एखाद्या दिवशी हात दमला तर दुसऱ्या हातात घ्यावी. पवित्र भाकर तळहातावरून उचलताना मात्र कृत्रिम बोट नको. अंगठा आणि मधले बोट वापरावे, किंवा सरळ जिभेवर स्वीकारावी.

आता शेतातली हत्यारे. इथे बोटापेक्षा दांड्याकडे आधी लक्ष द्यावे. बारीक दांडा दुबळ्या मुठीत फिरतो. खुरप्याच्या आणि विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळली की ती जाड आणि खरबरीत होते. तीन ते चार सेंटिमीटर जाडीची मूठ बहुतेकांच्या हाताला बसते. करंगळी गेलेल्यांनी मुठीच्या टोकाला सुताराकडून लाकडी बोंड करून घ्यावे, म्हणजे हत्यार हातातून निसटत नाही. सिलिकोनच्या बोटावर विळ्याचा भार टाकू नये. ते कडेला फाटते. यांत्रिक बोट भार पेलते, पण त्याच्या सांध्यांत माती जाते, म्हणून रोज ब्रशने साफ करावे लागते.

धार काढताना कोणतेच कृत्रिम बोट घालू नये. स्वच्छतेच्या दृष्टीनेही ते बरे नव्हे. मुठीने धार काढताना अंगठा आणि तर्जनी सडाचा वरचा भाग बंद करतात आणि मग बाकीची बोटे वरून खाली दाबत येतात. तर्जनी नसेल तर अंगठा आणि मधले बोट यांनी वर बंद करायला शिकावे. पंधरा दिवस जनावर कुरकुर करील, नंतर सवयीने उभे राहील. भाकरी थापणाऱ्या आमच्या भगिनींनीही पिठात आणि तव्याजवळ बोट काढूनच ठेवावे. पीठ त्याच्या कडेत जाऊन बसते आणि चटका बसतो आहे हे ते सांगत नाही.

फिरत्या यंत्राजवळ तर कृत्रिम बोट आणि हातमोजा दोन्ही सक्त नकोत. अडकलेले बोट कळणार नाही आणि त्याच्यामागून खरा हात ओढला जाईल. पेंढी लाकडी काठीने ढकलावी. मळणी यंत्र घेताना माल घालायचे पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यापैकी ४५ सेंटिमीटर वरून झाकलेले आहे की नाही हे पाहून घ्यावे. असे अपघात इतके वाढले होते की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांबाबत स्वतंत्र कायदा करावा लागला. विषय थोडा सुटतो आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. कोणाचे बोट तुटलेच तर ते तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रोग्याबरोबर तातडीने मोठ्या इस्पितळात न्यावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नये. वेळेत पोचल्यास पुष्कळदा ते जोडता येते.

घरच्यांना एक विनंती. त्याच्या हातातून पेला काढून घेऊ नका. तो सांडू द्या. बायको, आई, सून यांना दया येते आणि त्या धावून बटण लावून देतात. मग सहा महिन्यांनीही ते बटण त्यालाच लावता येत नाही. वेळ लागत असेल तर मिस्सेला निघताना पंधरा मिनिटे आधी तयारीला लागावे, इतकेच. चर्चमध्ये शांतीची खूण करताना कोणी हात शालीखाली लपवीत असेल तर शेजाऱ्याने आपण होऊन हात जोडावेत आणि त्याच्या हाताकडे नव्हे, तोंडाकडे पाहावे.

बोटाची निगा सोपी आहे. रात्री झोपताना ते काढावे, सौम्य साबणाने आतून-बाहेरून धुवावे, पुसून कोरडे करावे. खुंटही धुवावा. सकाळी घालताना पाण्याचा एक थेंब लावला की ते सहज सरकते. हळदीचा आणि वर्तमानपत्राच्या शाईचा डाग सिलिकोनवर बसला की निघत नाही, म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. रॉकेल, पेट्रोल आणि कडक ऊन यांपासून ते जपावे. झाकणाच्या डब्यात ठेवले म्हणजे उंदरांचेही भय नाही. चांगले वापरले तरी ते काही वर्षांनी बदलावे लागते. पहिल्या वर्षात खुंट बारीक होत जातो आणि बोट सैल पडते. अशा वेळी आत चिंधी किंवा कापूस कोंबून चालवू नये. त्याने कातडी सोलते आणि महिनाभराचा सराव वाया जातो. जिथे ते करून घेतले तिथेच जाऊन वाटी पुन्हा मापाची करून घ्यावी.